सामाईक बांध

नगर जिल्ह्याच्या पारनेर आणि संगमनेर या दोन तालुक्यांच्या पठारी गावांतून पाणलोट विकासाचे काम करण्यात माझी ऐन उमेदीची वर्षे गेली. आणि या काळात मी नेमके काय केले असे कोणी विचारले, तर दोन शेतांमधल्या बांधावर उभे राहून दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेतले, हेच उत्तर मला त्यातल्या त्यात खरे वाटते. सर्वसाधारण समजूत अशी, की शेतकऱ्याला साहाय्य करणे म्हणजे त्याला काहीतरी शिकवणे, काहीतरी देणे, निदान काहीतरी पटवून देणे. आमच्या संस्थेच्या अहवालांतही याच रीतीने कामाची मोजदाद होई, आणि ती खोटी नसे. चर खोदले जात, झाडे लागत, बंधारे उभे राहत. परंतु या सर्व गोष्टी होण्याआधी, आणि त्या होऊन गेल्यानंतर टिकण्यासाठी, जी घासाघीस दोन खातेदारांमध्ये व्हावी लागते तिचा अंदाज मला शेतकी शास्त्राच्या पुस्तकांतून कधी आला नव्हता.

महाराष्ट्रातील सरासरी वहितीचा आकार १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होता. २०१५-१६ च्या गणनेत तो १.३४ हेक्टरांवर आला. हे आकडे सभासंमेलनांतून पुष्कळ वेळा ऐकायला मिळतात, आणि ते ऐकताना श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एक लहानसा, परंतु सुबक चौकोनी तुकडा उभा राहत असावा. प्रत्यक्षात तसे नसते. एखाद्या बापाची आठ एकर जमीन असावी. वर डोंगराच्या अंगाला मुरमाड बरड, मध्ये हलकी तांबूस माती, आणि खाली ओढ्याच्या काठाने कमरेइतकी खोल काळी. ती चौघा भावांत वाटायची, तर एकाच्या पदरात सगळी काळी आणि दुसऱ्याच्या पदरात सगळी बरड टाकून कोणता पंच गावात पुन्हा तोंड दाखवू शकेल? म्हणून माथ्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या पाडल्या जातात, आणि प्रत्येकाला थोडी काळी, थोडी बरड, आणि विहीर असलीच तर तिच्यात चार आणे हिस्सा मिळतो. न्यायाच्या दृष्टीने ही वाटणी निर्दोष आहे. मोठमोठ्या न्यायाधीशांना याहून बरी सुचली नसती. पाण्याच्या दृष्टीने मात्र ती घातक आहे. पट्टी अरुंद पडल्यामुळे औत उताराला आडवे वळवता येत नाही, ते उभेच चालवावे लागते. आणि उभ्या तासांतून मृगाच्या पहिल्याच जोराच्या सरीबरोबर माती जी धावत सुटते, ती थेट ओढ्याला जाऊन मिळते. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यान्वये एकत्रीकरणाच्या योजना झाल्या, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तरी दप्तरात एक झालेला गट जमिनीवर चौघेजण आपापल्या खुणांनी पूर्वीसारखाच कसत राहिले.

या मुलखातला पाऊसही असा, की माती वाहून जायला एक सर पुरी, आणि पीक यायला महिना-महिना वाट पाहावी लागे. एकाच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीच्या बाजूस, आभाळ फाटल्यासारखे कोसळत असते. आणि पूर्वेकडे पारनेरास वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक त्या सालाला बरे साल म्हणतात. तो पाऊसही नेमाने येत नाही. मृग कोरडा जातो, पुनर्वसूत एखादा शिडकावा होतो, बाजरी कशीबशी उगवून करपते. आणि मग हस्ताच्या पावसात दोन दिवसांत ओढे दुथडी भरतात. ज्वारीचा सारा भरवसा या परतीच्या पावसावर आणि तो काळ्या जमिनीत किती मुरला यावर असतो, कारण एकदा पेरणी झाली की त्या पिकाला वरून थेंब मिळेलच असे नाही. ते जमिनीतल्या ओलीवर वाढते. रानाला वाफसा आला की नाही, हे मुठीत माती दाबून सांगणारी म्हातारी माणसे त्या गावांत होती, आणि त्यांचे निदान सहसा चुकत नसे.

तेव्हा पाणी अडवावे, माती धरून ठेवावी, हा विचार त्या लोकांना बाहेरून कोणी नेऊन द्यावा अशी परिस्थिती नव्हती. ताल घालणे, दगडाची पौळ रचणे, ओघळीत आडवे दगड लावून गाळाची चार हात जागा तयार करणे, या गोष्टी तिथे पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, फौजेतल्या आणि पोलिसातल्या माणसांना सरकारने बंधारे घालण्याच्या कामाला लावावे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून जाण्याऐवजी शेतांत जिरेल, अशी सूचना केलेली आहे. आणि तीत मला कल्पनेच्या भरारीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या शेतीचा अनुभवच अधिक जाणवतो. पुढे १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र निघाले, कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञांनी बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरा आणि वारंवार कुळवणी यांची पद्धत बसवली, आणि १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने त्या पद्धतीतील बांधांना सरकारी अंमलाचे बळ मिळाले. सोलापूर, नगर आणि त्या वेळी याच प्रांतात असलेला विजापूर, या दुष्काळी जिल्ह्यांत हजारो एकरांवर समपातळीचे बांध पडले.

ते बांध शास्त्राप्रमाणे होते, आणि त्यातच त्यांचे दुर्दैव होते. समपातळीची रेषा ही निसर्गाची रेषा. ती तिरकी, वळत, नागमोडी जाते, आणि तिला कोणाची वाटणी ठाऊक नसते. एकाच्या शेतातून तिचा बांध निघे, दुसऱ्याच्या पट्टीचा कोपरा तोडून तिसऱ्याच्या रानात शिरे. ज्याचा कोपरा तुटला त्याला त्या त्रिकोणी तुकड्यात औत फिरवता येत नसे. बांधाच्या वरच्या अंगाला खोल काळीत पाणी साचे आणि तिथली ज्वारी पिवळी पडे. आणि बांध फुटला की साचलेले सगळे पाणी एकवट होऊन खालच्या शेतकऱ्याची माती घेऊन जाई. हळूहळू दर साली एकेक तास आत घेत लोकांनी ते बांध नांगरून टाकले. बहात्तरच्या दुष्काळात पुन्हा कामे निघाली, सुकडी खाऊन लोकांनी पुन्हा बांध घातले, आणि सुबत्तेची दोन साले येताच त्यांतले बरेचसे पुन्हा मोडले. सरकारी टिपणांतून आणि पुढे आमच्यासारख्या संस्थांच्या बैठकांतून या प्रकाराचे कारण एका शब्दात दिले जाई: अज्ञान. मला हे निदान कधीच पटले नाही. जो माणूस स्वतःच्या हाताने घातलेला ताल तीस वर्षे दुरुस्त करत राहतो, तोच जर सरकारने फुकट घालून दिलेला बांध मोडतो, तर दोष त्याच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा बांधात शोधणे अधिक सयुक्तिक नव्हे काय?

१९९२ पासून जर्मन सरकारच्या साहाय्याने आणि नाबार्डच्या मार्फत महाराष्ट्रात पाणलोटाचा जो कार्यक्रम चालू झाला, त्यात एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटली. नकाशा कचेरीत न काढता प्रत्येक गटावर जाऊन, कसणाऱ्या नवराबायकोला बरोबर घेऊन, त्या तुकड्याचे नियोजन तिथेच उभ्याउभ्या करायचे, असा शिरस्ता त्यात पडला. आमच्या संस्थेनेही तोच उचलला. नवऱ्याबरोबर बायको हवीच, ही अट पुष्कळांना कागदी वाटे. कार्यकर्त्यांपैकी काहीजण सही घेण्यापुरते तिला घरून बोलावून आणत. परंतु तिला खरोखर बरोबर घेतल्यावर काय होते, हे एका गटावर मला स्पष्ट दिसले.

गट दोघा भावांचा; सातबाऱ्यावर दोघांचे नाव सामाईक, आणि मध्ये एक उभा बांध, ज्यावरून त्यांचे बोलणे गेली काही वर्षे बंद झालेले. धाकट्याचे म्हणणे, थोरल्याने बांध कोरून दोन तास आत घेतले. थोरल्याचे म्हणणे, बांध होता तिथेच आहे, पावसाने त्याच्या बाजूची माती गेली म्हणून तो सरकल्यासारखा दिसतो. आम्ही पाणनळी घेऊन गेलो होतो. लांब पारदर्शक नळीत पाणी भरायचे, तिची दोन टोके मापाच्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधायची, एक काठी स्थिर ठेवून दुसरी वरखाली सरकवत न्यायची, आणि दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आले की तिथे चुन्याची फक्की टाकायची, एवढेच हे यंत्र. थोरल्याने एक काठी धरली. दुसरी काठी मी मुद्दाम धाकट्याच्या हातात दिली. पाणी समपातळीत आल्याशिवाय खूण करता येत नाही, आणि ते आले की नाही हे दोघांनी एकमेकांना सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच "खाली घे", "थांब", "आलं", एवढे शब्द तरी त्यांना एकमेकांशी बोलावे लागले.

फक्कीची रेषा जशी धाकट्याच्या पट्टीतून थोरल्याच्या पट्टीत शिरली तसा थोरला थांबला. "ह्या रेघेवर बांध पडला तर माझी किती जाईल?" असे त्याने विचारले, आणि मी पावलांनी मोजून दाखवले. मग त्याने विचारले, की जादा पाणी बाहेर काढायचा सांडवा कोणाच्या रानात ठेवणार. आणि हेही विचारले, की उद्या तो फुटला तर भरायचा कोणी. यातला एकही प्रश्न आमच्या अंदाजपत्रकात नव्हता. त्यात बांधाचा छेद होता, घनफळ होते, मजुरीचा दर होता. उत्तर मी देण्याआधी थोरल्याची बायको, जी तोवर डोक्यावरचा पदर सावरत मागे उभी होती, पुढे आली आणि रेषेच्या खालच्या अंगाला एका जागी पायाने माती उकरून म्हणाली, "हितं करडी कधीच धरत न्हाई, भाऊसाहेब. पेरली की सडती. पानी हितंच येऊन बसतं. तुमी वर अडवलं तर समदंच हितं बसंल." ते खरे होते, जरा खोल उकरल्यावर चिकट, निळसर काळी माती लागली. नळीने आम्हांला जमिनीच्या वरचा उतार सांगितला होता. आत पाणी कुठे थांबते ते वर्षानुवर्षे खुरपणी केलेल्या बाईलाच माहीत होते.

सरतेशेवटी जे ठरले ते ना धड शास्त्राचे, ना धड परंपरेचे. दोघांमधल्या उभ्या बांधाला हात लावायचा नाही. तो जिथे आहे तिथेच दोन्हीकडून दगड लावून पक्का करायचा, म्हणजे पुढे कोरण्याचा संशय राहणार नाही. उताराला आडवे बांध प्रत्येकाच्या पट्टीत स्वतंत्र घालायचे, समपातळीला शक्य तितके धरून, पण कोपरा न तोडता. सांडवा करडी सडणाऱ्या जागेपासून बाजूला काढून ओढ्याच्या अंगाला, जिथे खालचा खडक उघडा पडला होता, तिथे सोडायचा. आणि त्याची डागडुजी दोघांनी निम्मी-निम्मी करायची. आमच्या तांत्रिक विभागातील एका गृहस्थांनी हा आराखडा पाहून, असे बांध पाण्याचा पूर्ण साठा धरणार नाहीत, असा शेरा मारला. तो शेरा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. परंतु शंभर टक्के पाणी धरणारा आणि तिसऱ्या वर्षी नांगराखाली जाणारा बांध, आणि साठ-सत्तर टक्के धरणारा पण धन्याच्या मनातला बांध, यांत निवड करायची तर मी दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन. आणि तो त्या वेळी दिलाही.

अल्पभूधारक शेतकरी नवे काही स्वीकारत नाही, ही तक्रार मी अनेक विद्वानांच्या तोंडून ऐकली आहे. ज्यांनी तिथल्या बाजारपेठेत जूनमध्ये एक दिवस उभे राहून पाहिले असेल त्यांना ती तक्रार हास्यास्पद वाटेल. कोणा दुकानदाराच्या शब्दावर, पूर्वी कधी न ऐकलेल्या वाणाचे कांद्याचे बी हा 'जुनाट' माणूस बेधडक घेऊन जातो. कारण ते फसले तर एक हंगाम जाईल, आणि घ्यायचे की नाही हे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर आहे. तो बिचकतो ते वेगळ्याच ठिकाणी. जी गोष्ट एकदा केल्यावर मोडता येत नाही, जिच्यासाठी पीक हातात येण्याआधी रोकड किंवा घाम घालावा लागतो, आणि जी शेजाऱ्याच्या संमतीवाचून पुरी होत नाही, तिच्यापाशी तो थबकतो. मृद्‌संधारणाच्या कामात हे तिन्ही धोके एकत्र येतात, आणि आपण त्याला व्याख्यान देतो ते पावसाच्या थेंबाने माती कशी सुटते याचे! शाश्वत शेतीचा विचार त्याला उमगत नाही असे नाही. पुढच्या तीस वर्षांच्या लाभासाठी येत्या दोन वर्षांची जोखीम एकट्याने का उचलावी, याचे उत्तर त्याला कोणी देत नाही.

हीच गोष्ट माथ्यावरच्या कामात आणखी उघडपणे पुढे आली. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते, आणि माथा म्हणजे बहुधा गायरान किंवा वनखात्याची जमीन. तिथे चर खणून, गवताचे बी टाकून, काही वर्षे चराई बंद ठेवली की डोंगर पुन्हा झाकतो, हे निर्विवाद आहे. आदर्श गाव म्हणून गाजलेल्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आधी केली, म्हणून पुढच्या गावांनीही ती करावी, असा दंडकच पडून गेला होता. एका ग्रामसभेत हा ठराव हात वर करून एकमताने संमत झाला, आणि सभा उठत असताना, एका कडेला बसलेली, शेळ्यांवर गुजराण करणारी एक भूमिहीन म्हातारी म्हणाली, "डोंगर हिरवा व्हईस्तवर माझी शेरडं काय खातील, त्ये बी लिवा की ठरावात." सभेत थोडा हशा पिकला. ज्यांनी हात वर केले होते त्यांतल्या बहुतेकांकडे एकही शेळी नव्हती, आणि डोंगर झाकल्यावर ज्या विहिरींना पाणी येणार होते त्या सगळ्या हात वर करणाऱ्यांच्याच होत्या. एकमत म्हणतात ते पुष्कळदा असे असते.

तिचे म्हणणे ठरावात आले, पण ते दयेपोटी नव्हे. ज्यांची शेरडे होती त्यांनी मिळून, अशी बंदी आम्ही पाळणार नाही, असे शांतपणे सांगितले, आणि राखणदार नेमून त्यांना अडवणे गावाला परवडणार नाही हे सर्वांना कळत होते. मग डोंगराचे भाग पाडून ते आळीपाळीने बंद ठेवावेत, बंद भागातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन घरांचा असावा, आणि चर खोदण्याची मजुरीही आधी त्यांनाच मिळावी, असे ठरले. कापून आणलेल्या गवताचे भारे डोक्यावरून वाहण्याचे काम मात्र बायकांकडे आले, आणि पूर्वी जी शेळी स्वतःच्या पायांनी चरून येई तिच्यासाठी आता एका बाईला डोंगर चढावा लागू लागला. ही गोष्ट कोणत्याही यशोगाथेत नोंदलेली मी पाहिली नाही. धनगरांची तर कथाच निराळी. हिवाळ्यात वाडे घेऊन उतरणाऱ्या त्या लोकांना डोंगरावर बंदी. पण त्यांच्या मेंढ्या आपल्या रानात रात्री बसाव्यात, लेंडीखत पडावे, म्हणून त्यांना धान्य देऊन बोलावणारे शेतकरी तेच, बंदीला हात वर करणारे! मेंढीचे खत हवे आणि मेंढीचा चारा नको, या विसंगतीवर एका वयस्क धनगराने माझ्याजवळ काहीच टीका केली नाही. तो फक्त तंबाखू मळत राहिला.

सेंद्रिय खतांविषयी मी फार बोलणार नाही, कारण त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. गांडूळखताचे वाफे, दशपर्णी अर्काचे पिंप, बीजप्रक्रिया, हे सर्व आम्ही केले. यांतली बीजप्रक्रिया टिकली, कारण तिला पैसा लागत नाही आणि तिचा गुण त्याच महिन्यात दिसतो. शेणखताचा उपदेश करताना मात्र मला संकोच होई. ज्याच्या दावणीचे बैल जाऊन ट्रॅक्टर भाड्याने येऊ लागला, त्याच्याकडे शेण कुठून येणार? उलट जुन्या मिश्र पिकांच्या बाबतीत शिकण्याजोगे बरेच होते. बाजरीत मटकी, हुलगा, तूर. ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी, म्हणजे तिच्या काट्यांमुळे गुरे आत घुसत नाहीत. एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे, ही विम्याची व्यवस्था कोणत्याही कंपनीवाचून पूर्वीपासून चालत होती. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो संग्रह केला, आणि ज्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्यामागेही हीच सावध बुद्धी आहे असे मी समजतो.

पाणी आले तेव्हा खरा कस लागला. चार-पाच वर्षांत विहिरींची पातळी वर आली, उन्हाळ्यात टँकर येईनासा झाला, आणि गावाने आम्हांला नारळ देऊन सत्कार केला. लगोलग कांदा वाढला, मग डाळिंब आले, आणि मग रात्रीतून बोअरच्या गाड्या येऊ लागल्या. जे पाणी सर्वांनी मिळून डोंगरावर अडवले, ते ज्याच्याकडे पैसा आहे त्याने खोल भोक पाडून आपल्या शेतात ओढून घ्यावे, यात कायद्याने तेव्हा फारसा अडसर नव्हता. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत नव्या विहिरीला मनाई होती. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमात साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आला. परंतु हे निर्बंध रात्री दोन वाजता बोअरच्या गाडीपुढे उभे राहून अमलात कोणी आणायचे, हा प्रश्न कायद्याने गावावरच सोडला. हिवरे बाजारने तो आपल्या परीने सोडवला: शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, आणि दरवर्षी पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. त्याहून पुष्कळ आधी, बहात्तरच्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला होता. त्यातला मुख्य नियम मला आजही थक्क करतो. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही. भूमिहीनालाही हक्क द्यायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ द्यायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही.

हे नियम मी आमच्या गावच्या बैठकीत वाचून दाखवले. सगळे ऐकून झाल्यावर, "बरोबर हाये, पण ज्यानं बोअरला कर्ज काढलंय त्यानं काय करायचं?" असे एकाने विचारले, आणि त्या रात्री बैठक पुढे सरकली नाही. पाणी पंचायतीचे मोठेपण मला तेव्हा अधिक कळले. तिने वाटप पाणी येण्याआधी ठरवले. आम्ही पाणी आल्यावर ठरवायला बसलो, तोवर प्रत्येकाच्या डाळिंबाला फळ धरले होते. पुढच्या काळात प्लॅस्टिकच्या अस्तराची शेततळी आली. पावसाचे पाणी साठवण्यासाठी म्हणून ती मंजूर होतात. बहुतेक भरली जातात विहिरीतून आणि बोअरमधून, म्हणजे जमिनीच्या पोटात सर्वांच्या मालकीचे असलेले पाणी वर काढून, एकाच्या कुंपणात, उन्हात वाळत ठेवायचे. अनुदान देणाऱ्यांना हे दिसत नसेल असे मला वाटत नाही.

त्या दोघा भावांच्या गटावर मी अलीकडे गेलो तेव्हा थोरला वारला होता. वारसनोंद होऊन फेरफार मंजूर झाला होता, आणि सातबाऱ्यावर त्याचे तीन मुलगे व दोन मुली अशी पाच नावे लागली होती. एक मुलगा चाकणच्या कारखान्यात, एक पुण्यात रिक्षा चालवतो, धाकटा गावात पण दुकानात; एक मुलगी जुन्नरकडे दिलेली, दुसरी सिन्नरला. जमीन शेजारच्याला वाट्याने दिलेली. वाटेकऱ्याचा करार तोंडी आणि सालापुरता. सांडव्याचे दगड सरकले तर ते परत लावण्यात त्याचा काय लाभ? आधीच्या पावसाळ्यात सांडवा एका बाजूने ढासळला आणि धाकट्या भावाच्या पट्टीत घळ पडली. म्हातारा धाकटा भाऊ पाणलोट समितीकडे आला. समिती नावापुरती उरली होती, तरी तिच्या जुन्या सचिवाने वही काढली, त्यात 'डागडुजी निम्मी-निम्मी' असे दोन भावांच्या सह्यांसह लिहिलेले सापडले, आणि त्या निम्म्याचे आता पाच भाग करायचे ठरले.

फोन लावण्याचे काम माझ्याकडे आले. चाकणच्या मुलाने, रान विकायचेच आहे तर खर्च कशाला, असे म्हटले. पुण्याच्याने नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला. दुकानदाराने जागच्या जागी पैसे काढून दिले. जुन्नरच्या मुलीने नवऱ्याला विचारून सांगते म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी पाठवले. सिन्नरच्या मुलीने सगळ्यांत जास्त चौकशी केली: दगड किती लागतील, जुनेच वापरणार की नवे, आणि आईने दाखवलेल्या त्या सडत्या जागेकडे तर पाणी वळवत नाहीत ना. पैसे ती देणार होती; पण आपण दिल्याचे वहीत आपल्या नावाने लिहावे, भावांच्या नावाखाली घालू नये, अशी तिची अट होती. सचिवाने तसे लिहिले. मृगाच्या आधी, धाकट्या भावाच्या नातवाने दोन मजूर लावून सांडवा बांधून घेतला. उरलेल्या दोघांकडची बाकी वहीत अजून येणे आहे, आणि वाटेकऱ्याबरोबरच्या पुढच्या करारात डागडुजीचे कलम घालायचे की नाही, यावर त्या पाचजणांचे अद्याप एकमत झालेले नाही.